बरणीतला साप आणि घरातली माणसे

पावसाळा सुरू झाला की आमच्या अपघात विभागात रुग्णाबरोबर आणखी एक पाहुणा येऊ लागतो. कधी लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या बरणीत, कधी पाण्याच्या मोठ्या बाटलीत, कधी खताच्या गोणीत. "डॉक्टरसाहेब, हाऊच चावना," असे म्हणत नातेवाईक ती बरणी थेट टेबलावर ठेवतात. झाकणाला तापलेल्या खिळ्याने पाडलेली चार भोके, आत जिवंत साप, आणि भोवती केसपेपर घेऊन उभी असलेली माणसे. अशा वेळी सिस्टरांची पहिली सूचना रुग्णाबद्दल नसते. "आधी ती बरणी बाहेर न्या," ही असते.

मध्यंतरी एका महाविद्यालयात सर्पदंशावर बोलायला गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर एक विद्यार्थी जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, साप ठेवायला काचेची पेटी बरी की प्लॅस्टिकची?" मी विचारले, "कुठला साप?" तो म्हणाला, "सध्या धामण आहे. मोबाइलवर बघून अजगरही पाळायचा विचार आहे."

त्याला रागावून उपयोग नव्हता. प्रश्न प्रामाणिक होता आणि तो एकट्याचा नव्हता. जळगाव-धुळ्याकडे आता प्रत्येक मोठ्या गावात साप पकडणारी दोन-चार पोरे आहेत. त्यांच्यामुळे कितीतरी साप काठीखाली मरायचे वाचले आणि कितीतरी घरे निर्धास्त झाली. पण पकडलेला साप सोडेपर्यंत कुठे राहतो, हे फारसे कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा तो कुणाच्या तरी घरात, खाटेखालच्या बरणीत राहतो. आज त्या बरणीबद्दलच बोलायचे आहे.

आधी कायदा

आपल्याकडचा कोणताही रानटी साप घरी पाळता येत नाही. मग तो विषारी असो वा बिनविषारी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत प्राण्याला पकडणे, सापळा लावणे हेही येते. अजगर या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. गुप्तधन शोधून देतो, नशीब उघडतो अशा थापांवर विश्वास ठेवून मांडूळ टबात दडवणारी माणसे अटकेत जातात, त्या बातम्या आपण अधूनमधून वाचतोच. त्या बिचाऱ्या मांडुळाला ना दोन तोंडे असतात, ना त्याला धनाचा पत्ता ठाऊक असतो.

म्हणजे धामण, दिवड, कवड्या, अजगर यांच्यासाठी योग्य पेटी कोणती, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते: कोणतीच नाही. पण एवढे सांगून मला थांबता येत नाही, कारण कायद्याच्या पलीकडचा भाग आमच्या वॉर्डात येऊन पडतो.

रिकामी बरणी

काही वर्षांपूर्वी पहाटे एका अकरा-बारा वर्षांच्या मुलाला आणले. रात्री तो जमिनीवर अंथरूण घालून झोपला होता. पहाटे पोटात दुखू लागले, उलटी झाली. घरच्यांनी जवळच्या एका दवाखान्यात नेले, तिथे ॲसिडिटी समजून गोळी दिली गेली. आमच्याकडे पोहोचला तेव्हा त्याच्या पापण्या मिटत होत्या, गिळता येत नव्हते, आवाज नाकातून येत होता. अंगावर सूज नव्हती, दाताची खूण दिसत नव्हती. खान्देशात पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या, एवढे दिसले की आमच्या मनात पहिले नाव येते ते मण्यारीचे. मी विचारले, "घरात साप दिसला होता का?" आईवडील नाही म्हणाले. मोठा भाऊ खाली मान घालून उभा होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "सर, कवड्या म्हणून पकडला होता. सकाळी बरणी रिकामी होती."

मुलगा पाच दिवस व्हेंटिलेटरवर होता. वाचला. भावाला मी नंतर बोललो नाही. त्याने जे भोगायचे ते वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून भोगले होते.

या एका प्रसंगात बरणीचे सगळे दोष आहेत. ओळख चुकली होती. झाकण फिरकीचे होते, कुलपाचे नव्हते. बरणीवर काही लिहिलेले नव्हते. आणि ती झोपायच्या खोलीत होती.

ओळख चुकणे हा केवळ नवशिक्यांचा दोष नाही. कवड्या आणि मण्यार दोन्ही काळपट अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे, रात्री फिरणारे. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होतात, मण्यारीचे उलट. पुस्तकात हे सोपे वाटते. जो स्लोविन्स्की हा अमेरिकेचा नावाजलेला सर्पतज्ज्ञ. सप्टेंबर २००१ मध्ये तो म्यानमारच्या जंगलात मोहिमेवर होता. सहकाऱ्याने पिशवी पुढे केली, आत मण्यारीसारखा दिसणारा बिनविषारी साप असल्याचे सांगितले, आणि त्याने पिशवीत हात घातला. आत मण्यारीच्याच कुळातला साप होता. जवळ रुग्णालय नव्हते, व्हेंटिलेटर नव्हता. सहकाऱ्यांनी तासन् तास तोंडाने श्वास दिला, तरी दुसऱ्या दिवशी तो गेला. आयुष्यभर साप अभ्यासलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. मग मोबाइलवर फोटो ताडून पाहणाऱ्याने किती जपायला हवे?

चावा कधी होतो?

साप उगाच चावत नाही हे खरेच आहे. पुण्यात १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहिले, ते लोकांना हेच पटवून देण्यासाठी. त्यातून आजच्या कितीतरी सर्पमित्रांना प्रेरणा मिळाली. पण त्या प्रयोगाचा अर्धाच धडा आपण घेतला. साप डिवचला नाही तर चावत नाही, हा पूर्ण धडा. बरणीत कोंबणे, बरणी उघडून पाणी घालणे, पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढणे, पुन्हा आत घालणे, हे सगळे डिवचणेच आहे. बरणीचे तोंड अरुंद, त्यामुळे दर वेळी हात सापाच्या तोंडाजवळ न्यावाच लागतो.

केरळचे वावा सुरेश यांनी हजारो साप पकडले आहेत. जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायम जिल्ह्यात त्यांनी नाग पकडला. पकडताना काही झाले नाही. पोत्यात घालताना नागाने त्यांच्या मांडीला दंश केला. त्यांना व्हेंटिलेटर लावावा लागला, सुदैवाने ते बचावले. साप पकडण्यापेक्षा तो भांड्यात घालण्याचा क्षण अधिक धोक्याचा, हे या प्रसंगातून प्रत्येक सर्पमित्राने शिकावे.

सापाच्या बाजूनेही बघा. साप थंड रक्ताचा प्राणी. शरीराचे तापमान तो स्वतः राखू शकत नाही, सावली आणि ऊन यांच्यात सरकत राहून ते सांभाळतो. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या घरात, बंद बरणीत त्याहून अधिक. सापाचे शरीर चाळिशीच्या पुढे गेले की तो फार वेळ तग धरत नाही. बरणीत सरकायला जागा नाही, म्हणजे तो शिजतो. जे वाचतात ते बाहेर पडायच्या धडपडीत नाक घासून जखमी होतात, तोंडात जंतुसंसर्ग होतो. काठीपासून वाचवलेला साप आपण बरणीत मारतो.

सोडवलेल्या सापासाठी काय वापरावे?

वनखात्याच्या परवानगीने काम करणाऱ्यांसाठी उत्तर ठरलेले आहे आणि महाग नाही.

हात आत न घालता साप आत जाईल, असेच साधन हवे. जाड सुती कापडाची लांब पिशवी, तिच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा बांधलेला. साप अंधाऱ्या बिळासारख्या पाइपात आपणहून शिरतो. तो आत गेला की पिशवीला पीळ देऊन, गाठ मारून तोंड बंद करायचे. कापडातून हवा जाते, पण दातही जातो, हे विसरू नये. म्हणून पिशवी अंगाला टेकवून धरायची नाही आणि मोटारसायकलच्या हँडलला तर मुळीच अडकवायची नाही. ती घट्ट झाकणाच्या, बाजूने बारीक भोके असलेल्या बादलीत किंवा डब्यात ठेवायची. डब्याला कडी आणि कुलूप. वर ठळक अक्षरात तीन गोष्टी: साप कोणता, कुठे पकडला, किती वाजता. ओळखीची खात्री नसेल तर 'विषारी' असेच लिहायचे. आणि एका डब्यात एकच साप.

पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: वेळ. हा डबा म्हणजे घर नव्हे, रुग्णवाहिका आहे. रुग्णवाहिकेत कुणी मुक्काम करत नाही. वनखात्याला कळवून, पकडलेल्या ठिकाणाजवळच्या योग्य अधिवासात, शक्यतो त्याच दिवशी साप सोडायचा. जखमी असेल तर वनखात्याच्या मार्गदर्शनाने पशुवैद्यकांकडे. घरी, दुकानात, शाळेच्या कार्यक्रमात, नागपंचमीच्या मिरवणुकीत तो न्यायचा नाही.

काही जण म्हणतील, पूर्वी मडक्यात नाग ठेवतच होते की. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीसाठी पकडलेले नाग मडक्यांत ठेवले जात. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ती प्रथा थांबली, आणि २०२५ मध्ये केंद्राने केवळ शैक्षणिक हेतूने २१ नाग पकडण्याची परवानगी दिली, तीही वनखात्याच्या अटी घालून. मडके आजही एका ठिकाणी रोज वापरात आहे, आणि त्याच्याशी आपला जिवाचा संबंध आहे. तमिळनाडूत इरुळा आदिवासींची सर्पविष सहकारी संस्था १९७८ पासून काम करते. भारतात सर्पदंशावर जे इंजेक्शन बनते त्याच्या विषाचा मोठा वाटा तिथून येतो. तिथले साप कापडाने तोंड बांधलेल्या मातीच्या मडक्यांत असतात. पण कोणते साप किती पकडायचे याचा परवाना असतो, तीन-चार आठवड्यांत ठरावीक वेळा विष काढून साप सोडले जातात, आणि तोच साप पुन्हा लगेच पकडला जाऊ नये म्हणून पोटाच्या खवल्यावर खूण केली जाते. मडके तेच, पण त्याच्या मागे परवाना, नोंद, प्रशिक्षण आणि सोडण्याची तारीख आहे. आपल्या बरणीमागे यातले काय आहे?

परदेशी साप पाळायचा असेल तर

मोठ्या शहरांत बॉल पायथन, कॉर्न स्नेक असे परदेशी बिनविषारी साप पाळले जातात, आणि ती हौस आता आपल्याकडेही पोहोचते आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन असलेल्या प्रजाती बाळगायच्या तर २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बॉल पायथन त्यात येतो. नोंदणीची कागदपत्रे दाखवू न शकणाऱ्या विक्रेत्याकडून काहीही घेऊ नये.

कायदेशीर साप घरात असेल तर पेटी निवडताना काय पाहावे? साप पूर्ण सरळ होऊ शकेल एवढी तिची लांबी असावी. वेटोळ्यात मावतो म्हणून छोटी पेटी चालते, हा समज आता संशोधक मान्य करत नाहीत. दार वरून नव्हे, समोरून उघडणारे असावे, कारण वरून येणारा हात सापाला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. दाराला कुलूप, आणि किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी. काच की प्लॅस्टिक, हा प्रश्न यानंतरचा. काच जड, फुटणारी, पण दिसायला स्वच्छ. चांगल्या प्रतीचे प्लॅस्टिक ऊब आणि ओल टिकवते. नुसती जाळी नको, साप तीवर नाक घासून घेतो. आत लपायला दोन जागा, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला. न सांडणारे पाण्याचे भांडे. तापमान अंदाजाने नव्हे, थर्मोस्टॅटने राखलेले.

खरी अडचण इथेच आहे. बॉल पायथनला गरम बाजू ३१ ते ३३ अंश आणि थंड बाजू २५ ते २७ अंश लागते. परदेशी पुस्तके पेटी तापवायची कशी ते सांगतात. आपल्याला एप्रिल-मेमध्ये ती गार कशी ठेवायची हा प्रश्न पडतो. दुपारी वीज गेली आणि खोली चाळिशीवर गेली, तर पेटीत थंड बाजूच उरत नाही. आणि हा साप वीस ते तीस वर्षे जगतो. अकरावीतल्या मुलाने आणलेला साप तो नोकरीला पुण्याला गेल्यावर आईने सांभाळायचा असतो. आईला आधी विचारले आहे का?

डॉक्टर म्हणून आणखी एक गोष्ट. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. पाच वर्षांखालील मूल घरात असेल तर सरपटणारे प्राणी पाळू नयेत, असा अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचा सल्ला आहे. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनीही दूर राहिलेले बरे. पेटी स्वयंपाकघरात ठेवू नये, पाण्याचे भांडे भांडी घासायच्या मोरीत धुऊ नये, आणि साप हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

विषारी परदेशी साप मात्र कोणत्याच पेटीत नको. जून २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात सीमाशुल्क अधिकाऱ्यांना कोळ्यासारख्या शेपटीचे तीन शिंगवाले व्हायपर आणि ४४ इंडोनेशियन पिट व्हायपर सापडले. हे कुणाच्या तरी घरी जाणार होते. आपल्या रुग्णालयांत मिळणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारच सापांच्या विषापासून बनते. इराणच्या किंवा इंडोनेशियाच्या सापाने दंश केला तर त्याच्यावर बनवलेले औषध आमच्या कपाटात नसते. आम्ही श्वास आणि रक्तदाब सांभाळत वाट पाहू शकतो, एवढेच.

दंश झाला तर बरणी नको, रुग्णालय

आता सुरुवातीच्या पाहुण्याकडे वळू. दंशानंतर साप पकडून आणायची गरज नाही. चारही सापांसाठी इंजेक्शन एकच आहे. उपचार सापाच्या चेहऱ्यावर नव्हे, रुग्णाच्या लक्षणांवर ठरतात. आम्ही काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे ठेवतो. ते गोठले नाही तर घोणस किंवा फुरसे यांचा संशय पक्का होतो. पापण्या, गिळणे, श्वास पाहून नाग-मण्यारीचा अंदाज येतो. साप शोधण्यात गेलेली वीस मिनिटे रुग्णाची असतात, आणि साप पकडणारा नातेवाईक बऱ्याचदा दुसरा रुग्ण होऊन येतो. मेलेल्या सापाचे तुटलेले डोकेसुद्धा काही वेळ चावू शकते. सुरक्षित अंतरावरून फोटो मिळाला तर पुरे. आवळपट्टी नको, चीर नको, चोखणे नको. अंगठी, कडे, पैंजण काढा, तो अवयव लाकडाच्या पट्टीने स्थिर करा, रुग्णाला चालवू नका, १०८ ला फोन करा. घरात साप निघाला तर वनखात्याचा क्रमांक १९२६.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे उद्दिष्ट केंद्राने मार्च २०२४ मध्ये कृती आराखड्यात ठेवले आहे. सर्पमित्रांशिवाय ते साधणार नाही. २०२५ मध्ये राज्य सरकारने त्यांना ओळखपत्र आणि दहा लाखांचा अपघात विमा देण्याचा विचार जाहीर केला, तो योग्यच आहे. माझी एवढीच विनंती आहे की ओळखपत्राबरोबर पिशवी, पाइप, कुलपाचा डबा आणि नोंदवही द्या. वर्षातून एकदा प्रशिक्षण द्या. आणि एक अट लिहा: साप घरी नेणार नाही. विमा हा दंश झाल्यानंतरचा उपाय आहे, डबा हा आधीचा.

तोवर घरच्यांनीही गप्प बसू नये. मुलगा साप पकडतो याचा अभिमान जरूर बाळगा. पण खाटेखाली बरणी दिसली की आजच विचारा, ही कधी सोडणार?

त्या विद्यार्थ्याला मी काच की प्लॅस्टिक हे सांगितले नाही. मी म्हणालो, "धामण उंदीर खाते. तुझ्या वडिलांच्या शेतात कापूस, ज्वारी काय असेल ते असेल, पण उंदीर नक्की आहेत. तिला पेटी नको, बांध हवा." तो हसला. आठवड्याने त्याचा फोन आला. वनरक्षकांना सोबत घेऊन त्याने धामण शेताच्या बांधावर सोडली होती. बरणी काय केली, असे मी विचारले. म्हणाला, "आईने घासून घेतली सर. पण त्यात लोणचं घालायला ती तयार नाही."